सरांचे लॅबवाले मामा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबलचक खोली आहे. दोन्ही बाजूंना उंच टेबलं, त्यांवर आम्लाने खाल्लेले तपकिरी डाग, प्रत्येक टेबलाच्या टोकाला पांढरं सिंक आणि वाकड्या मानेचा नळ. खिडक्यांतून सकाळचा उजेड तिरपा येतोय. गॅसचा, ओल्या लाकडाचा आणि किंचित नासक्या अंड्यांचा वास आहे. तो तुमच्यापर्यंत पोचत नसला तरी आहे असं समजा. स्टुलं रिकामी आहेत. उजवीकडच्या दारातून खाकी कोटातला एक बारीक माणूस येतो. वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, पेन्सिल आणि कापसाचा बोळा. तो मधल्या टेबलावर काचेची हंडी मांडतो, तारा जोडतो, बटण दाबतो, कान लावून ऐकतो, मान हलवतो, सगळं सोडवतो आणि पहिल्यापासून पुन्हा मांडतो. तोंडातून एक शब्द नाही. आम्ही नाटकवाले जिला रंगीत तालीम म्हणतो, ती हा माणूस रोज सकाळी एकटा करायचा, आणि नऊच्या तासाला टाळ्या दुसऱ्याला मिळायच्या.

हे माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात लॅब अटेंडंट होते. विद्यार्थी, प्राध्यापक, प्राचार्य, सगळे त्यांना मामा म्हणत. मी भावोजी म्हणत असे आणि ते मला मेहुणीबाई म्हणत. त्यातही 'बाई'वर असा जोर की जणू मी एखाद्या संस्थानाची मालकीण आहे.

आधी करून बघायचं, हा त्यांचा स्वभावच होता. लग्नाच्या आदल्या दिवशी ते हॉलमध्ये जाऊन नवरा-नवरीच्या दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसून आले. ताईची खुर्ची डुगडुगत होती, तिच्या पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी घातली. ताई पुढे आयुष्यभर सांगायची, "त्या पुठ्ठ्यावर भाळून मी होकार दिला असता. पण तो आधीच देऊन बसले होते."

आणि टाळ्या मिळवणारे दुसरे म्हणजे सर. पुढे ते मंत्री झाले, देशाचं तंत्रज्ञान खातं त्यांच्याकडे आलं, त्यांचे फोटो पेपरात आले, पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत 'सर'च. भावोजींपेक्षा चार वर्षांनी लहान. भौतिक आणि रसायन दोन्ही शिकवायचे आणि असं शिकवायचे की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येऊन उभी राहत. मला नाटकामुळे माणसाची पकड कळते. या माणसाला पकड होती. दोष एकच, वाक्य रंगात आलं की ते फळ्याकडे वळायचे आणि उरलेलं वाक्य फळ्याला ऐकवायचे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग घंटेचा. काचेच्या हंडीत विजेची छोटी घंटा टांगलेली. पंपाने हंडीतली हवा काढत जायची. घंटेची हातोडी हलताना दिसते, पण आवाज बारीक होत होत नाहीसा होतो. मग सर अगदी हळू म्हणायचे, "घंटा वाजतेच आहे. हवा नाही, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही."

एकदा शिक्षण खात्याचे डायरेक्टर तपासणीला आले आणि हा प्रयोग पाहून खुर्चीतून उठले. त्यांनी सरांना अभ्यासक्रमाच्या समितीवर घेतलं. समितीतून ओळखी झाल्या, ओळखींतून निवडणूक. पहिल्यांदा सर सपाटून पडले, दुसऱ्यांदा निवडून आले.

आता विंगेतली गोष्ट सांगते. तो पंप गळका होता. त्याने हंडीतली हवा अर्धीसुद्धा निघत नसे. टेबलाखाली वीज कमी-जास्त करायची एक सरकती दांडी होती आणि सर पंपाचा दांडा मारत असताना भावोजी गुडघ्याने ती दांडी सरकवत. वीज कमी झाली की हातोडी हलायची, पण घंटेच्या वाटीला टेकायची नाही. मुलांना दिसायचं तेच जे दिसायला हवं, आणि ऐकूही तेच यायचं.

"सरांना ठाऊक आहे?" मी विचारलं होतं. ताईच्या स्वयंपाकघरात तिघं बसलो होतो.

"त्यांना कशाला?" भावोजी म्हणाले. "नव्या पंपासाठी अर्ज करून सहा वर्षं झाली. हवा नसली की आवाज नसतो, हे खरं आहे ना? मग निसर्ग खरा आहे, पंप खोटा आहे. मी पंपाची चूक झाकतो, निसर्गाची नाही."

"आणि टायट्रेशनचं?" ताईने चिमटा काढला. "ते सांगा की तिला."

टायट्रेशनचं असं, की सरांनी ब्यूरेटच्या नळीतून आम्ल थेंब थेंब सोडलं की उत्तर बरोब्बर दहा यायचं. साडेनऊ नाही, दहा पूर्णांक एक नाही. कारण भावोजी आदल्या दिवशी द्रावण तसंच बनवून ठेवायचे. सर मुलांना सांगायचे, "बघा, प्रयोग कधी खोटं बोलत नाही." एकोणीस वर्षं सांगत होते, आणि ते वाक्य खरं ठरवायला एक माणूस रोज सकाळी सातला घरून निघत होता.

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे ढगांचा गडगडाट म्हणजे पत्रा हलवणारा माणूस. तो दिसला तर नाटक पडतं, एवढंच आम्हाला माहीत.

सर मंत्री झाले तेव्हा तंत्रज्ञान खातं म्हणजे दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि कोणालाच नको असलेली एक खुर्ची. सरांनी पहिली मागणी केली ती मामांची. कॉलेजकडून त्यांना मंत्रालयात घेतलं गेलं आणि तळमजल्यावरची सात नंबरची खोली मिळाली. खोलीला पंखा नव्हता, खिडकी पश्चिमेची. तिथे देशभरातून टपालाने शोध यायचे.

कारण सरांनी रेडिओवर सांगून टाकलं होतं, "तुमच्या डोक्यात जे असेल ते मला पाठवा. प्रत्येकाला उत्तर मिळेल." सचिवसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण सरांचं स्वप्न मोठं होतं आणि ते त्यांना अगदी साधं वाटायचं. प्रत्येक गावात एक सार्वजनिक वर्कशॉप असावं, लेथ आणि भाता असलेलं, जिथे कोणीही जाऊन आपली वस्तू घडवावी. प्रत्येक शाळेत एक गणकयंत्र असावं आणि ते बाहेरून विकत आणलेलं नसावं, इथल्या माणसांनी बनवलेलं असावं. त्यांच्या भाषणाची सुरुवात त्या घंटेनेच व्हायची. "आपल्या देशात डोकी वाजतच आहेत. त्यांना हवा नाही, म्हणून आपल्याला ऐकू येत नाहीत. मला फक्त हवा द्यायची आहे."

ते भाषण मी बसवून घेतलं. भावोजींनीच मला बोलावलं, म्हणाले, "मेहुणीबाई, सरांना प्रेक्षकांकडे तोंड करायला शिकवा, नाहीतर देशाचं भवितव्य भिंतीला कळेल." मी तीन आठवडे सरांच्या मागे उभी राहिले आणि ते वळले की त्यांचे खांदे धरून पुन्हा पुढे वळवायची. मंत्री हसायचे, पुन्हा चुकायचे.

सात नंबरच्या खोलीत मात्र मजा होती. चालता चालता जमीन झाडणारा बूट, दूध उतू जाताना शिट्टी मारणारं झाकण, डास मारणारा आरसा. भावोजी प्रत्येक वस्तू स्वतः वापरून बघायचे आणि पोस्टकार्डावर निकाल कळवायचे. एक गृहस्थ दर महिन्याला कायम फिरणारं चाक पाठवत. त्यांना भावोजींनी लिहिलं होतं, "आपलं चाक दोन मिनिटं अकरा सेकंद फिरलं. मागच्या महिन्यापेक्षा चार सेकंद जास्त. प्रगती आहे." त्या गृहस्थांनी ते कार्ड फ्रेम करून घेतलं असं कळलं.

तिसऱ्या वर्षी शाळेचं गणकयंत्र तयार झालं. खात्याच्या स्वतःच्या संस्थेत, आपल्याच इंजिनिअरांनी बनवलेलं. राखाडी पत्र्याचा डबा, पुढे हिरव्या आकड्यांची काच, खाली बटणं. सरांना शाळा माहीत होत्या, म्हणून त्यांनी बजावलं होतं, "शाळेत खडूची धूळ असते. डब्याला एक भोक दिसता कामा नये." इंजिनिअरांनी डबा चारी बाजूंनी बंद केला. संस्थेत तो सहा-सहा तास चालवून पाहिला, एक आकडा चुकला नाही.

पंतप्रधानांसमोर तो चालवून दाखवायचा ठरला. अर्धा तास नीट चालला तर वीस हजार शाळांसाठी हुकूम निघणार होता. नाही चालला तर बाहेरची यंत्रं घ्यायची, असं अर्थखात्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि मग सरांच्या त्या खात्याला अर्थ उरला नसता. जागा सरांनी निवडली, एक साधी सरकारी शाळा. "यंत्र जिथे जायचं तिथेच चालवू," ते म्हणाले.

चार दिवस आधी भावोजींनी डबा मागून घेतला. सवयच ती. सात नंबरच्या खोलीत दुपारी टेबलावर मांडला आणि घड्याळ लावून बसले. बावीस मिनिटांनी सातचा एक झाला, आठाचं शून्य झालं आणि मग सगळे आकडे मुंग्यांसारखे फिरायला लागले. डब्याला हात लावला तर चटका. संस्थेत तो सहा तास चालला होता, कारण संस्थेत एसी होता. आपण यंत्र थंडीत पास केलं, हे तिथे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि शाळांत तर साधा पंखाही नव्हता.

भावोजी थेट सचिवसाहेबांकडे गेले. हा संवाद त्यांनी मला दोन्ही आवाजांत करून दाखवला होता, म्हणून तसाच देते.

"डबा उघडून मागे जाळी बसवावी लागेल, साहेब. जाळीवर कापड. दीड महिना लागेल."

"दीड महिना? मामा, पंतप्रधान मंगळवारी येणार आहेत."

"मग सरांना सांगू या."

"सांगून काय होणार? ते तिथल्या तिथे कार्यक्रम रद्द करतील आणि परत तारीख मिळणार नाही. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, मामा. तुम्ही काहीतरी करालच. तुमचं नाव ऐकून आहे मी."

ही शेवटची स्तुती भावोजींना बरी वाटली, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांनी काहीतरी केलं. एका टेबलाची फळी कापून तिच्यात पत्र्याचा ट्रे बसवला. ट्रेमध्ये बर्फ, वर डबा, खालपर्यंत टेबलक्लॉथ. सात नंबरच्या खोलीत करून पाहिलं. दोन तास आकडा हलला नाही.

मंगळवारी त्या शाळेत निवेदनाला मी होते. हॉलच्या मागे नकाशे ठेवायची एक खोली होती, तिथे भावोजी भुशाच्या पोत्यातून बर्फ काढून ट्रेमध्ये फोडत बसले होते. कार्यक्रम अकराचा. साडेदहा वाजले होते. टेबल आत न्यायचं, त्यात ट्रे बसवायचा, एवढंच बाकी होतं. पण ते उठेनात.

"भावोजी, पाणी होतंय त्याचं."

"होऊ दे."

"अहो, वेळ काय झाली बघा."

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "वीस हजार शाळा. तिथे बर्फ कोण भरणार?"

खरं सांगायचं तर मला वीस हजार शाळा दिसत नव्हत्या, मला समोरच्या भरलेल्या खुर्च्या दिसत होत्या.

"कॉलेजात काय, हंडी आपलीच, पंप आपला, मी आपला तिथेच," ते म्हणाले. "पोरं परीक्षा देऊन निघून जायची. पण हा डबा माझ्याशिवाय जाणार. तेविसाव्या मिनिटाला कुठल्यातरी गावातली मास्तरीण पोरांसमोर उभी असणार, आणि तिला वाटणार तिचंच काहीतरी चुकलं."

"मग सांगा सरांना."

"एवढंच सांगून भागणार नाही. ते विचारतील, बर्फाची कल्पना सुचली कशी तुम्हाला."

तेव्हा मला कळलं की हे कशाला घाबरले होते. पंतप्रधान, नोकरी, सचिव, यातलं काहीच नाही. बर्फाचं सांगायचं तर घंटेचं सांगावं लागणार होतं. सरांनी आयुष्यात ज्या एका माणसाच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवला तो हा, आणि त्या विश्वासावर सरांनी आपलं सगळं बोलणं उभं केलं होतं.

त्यांनी मला सरांना बोलवायला पाठवलं. सर नव्या कोटात आले, खुशीत होते.

"काय मामा, बर्फ कसला? पाहुण्यांना सरबत देणार की काय?"

भावोजी उभे राहिले. हात ओले होते, ते कोटाला पुसले. डबा बावीस मिनिटांत तापतो हे सांगितलं, सचिवांचं सांगितलं, ट्रे दाखवला. सरांनी ट्रेमध्ये बोट घालून पाहिलं.

"हे असं करायचं तुम्हाला सुचलं कसं?" सर म्हणाले. जवळजवळ तेच शब्द.

"सवय आहे, सर."

"कसली सवय?"

भावोजींनी घंटेचं सांगितलं. गुडघा आणि ती दांडी. सर ऐकत होते. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"पंप केव्हापासून गळत होता?"

"आणला तेव्हापासून."

"डायरेक्टर आले होते त्या दिवशी?"

"त्या दिवशीसुद्धा."

"टायट्रेशन?"

"मीच."

"लंबक?"

"लंबक तुमचा होता, सर. लंबकाला मी कधी हात लावला नाही."

सर एका गुंडाळलेल्या नकाशावर हात ठेवून उभे राहिले. "म्हणजे घंटेचं ते भाषण," ते म्हणाले, "देशभर करत फिरलो मी."

"भाषण चांगलं आहे, सर," भावोजी म्हणाले.

मी त्या क्षणी हसू नये म्हणून ओठ चावले आणि नंतर कितीतरी वर्षं मला त्या दाबलेल्या हसण्याची लाज वाटली.

सर म्हणाले, "मुलांना सांगायचो मी, डोळ्यांनी बघा. एकोणीस वर्षं तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, मामा. आणि मला कळूही दिलं नाहीत." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो ट्रे स्वतः उचलला, कोपऱ्यातल्या सिंकमध्ये उलटा केला आणि म्हणाले, "तुम्ही आत येऊ नका. इथेच बसा." मग मला म्हणाले, "चला, बाई. वेळ झाली."

त्या दिवशी सरांनी लिहिलेलं भाषण केलं नाही आणि ते एकदाही फळ्याकडे वळले नाहीत. ते म्हणाले, "हे यंत्र आपल्या माणसांनी बनवलंय. हिशोब अचूक करतं. पण ते तापतं, आणि तापलं की चुकतं. चूक माझी आहे, डब्याला भोक नको असं मीच सांगितलं होतं. साधारण बावीस मिनिटं चालेल. आपण सगळे मिळून बघू."

सातवीतली एक मुलगी बटणं दाबायला बसली. तिने गुणाकार केले, भागाकार केले, वर्गातली मुलं वहीत करून ताडत होती. पंतप्रधान घड्याळ बघत होते. बावीस मिनिटं झाली, चोवीस झाली, आणि मला वाटायला लागलं की चमत्कार होतोय. सव्विसाव्या मिनिटाला ती मुलगी म्हणाली, "सर, नऊ गुणिले नऊ एकाहत्तर नसतात."

"नसतात," सर म्हणाले. "शाब्बास." आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. तो कोणाकडेच नव्हता. तो नकाशांच्या खोलीत, एका खाकी कोटाच्या खिशात होता. सर वाट बघत उभे राहिले. शेवटी शाळेच्या शिपायाने कुठूनतरी एक आणून दिला, डबा उघडला गेला, सरांनी मुलांना आतली उष्णता हाताने तपासायला लावली. मुलं खूश होती. मोठी माणसं नव्हती.

भावोजी तोवर उलट्या बादलीवर बसून होते. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. नंतर मला म्हणाले, "सव्वीस मिनिटं चाललं. खिडक्या मोठ्या होत्या त्या शाळेच्या."

दुसऱ्या दिवशी पेपरांनी सरांची चांगलीच हजेरी घेतली. मंत्र्याने स्वतःच्या यंत्राचा स्वतः पंचनामा केला, असं कोणी लिहिलं. कोणी व्यंगचित्रात डब्यावर किटली ठेवली. वीस हजारांचा हुकूम निघाला नाही. जाळी आणि कापड लावलेले तीनशे डबे तेवढे बनले, तीनशे शाळांत गेले, बाकीची यंत्रं जहाजाने आली. तीन महिन्यांनी मंत्रिमंडळ बदललं, त्यात सर नव्हते. सार्वजनिक वर्कशॉपं अकरा उघडली होती, त्यातली काही पुढेही चालू राहिली.

भावोजींनी कॉलेजात परत जायचा अर्ज दिला होता. सरांनी वर न बघता सही केली. त्यानंतर अकरा महिने दोघं बोलले नाहीत. एकाच शहरात, तीन गल्ल्यांच्या अंतरावर. भावोजी कामाला जायचे, यायचे, जेवायचे. पण सकाळी लवकर निघणं बंद झालं. आता करून बघायचं कोणासाठी? ताई माझ्याकडे तक्रार करायची, "बायको रुसून गेल्यासारखं तोंड करून बसतात. मी समोर बसलेय, तरी." आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "माझ्यासाठी कधी असं अकरा दिवस तरी बसलात का?"

"तू कधी रुसलीस?" भावोजी म्हणायचे.

"मला वेळ कुठे होता?"

मग एका सकाळी मी ताईकडेच होते. दार वाजलं. सर चालत आले होते, हातात खोकं. मंत्रिपणाचं वजन उतरलं होतं, आणि केसांतला काळा रंगही. ताई खमकीच. म्हणाली, "सर, आत या. यांना घरातून उचलून न्यायचं असेल तर मला विचारायची गरज नाही."

सर बसले. खोकं टेबलावर ठेवून उघडलं. आत काचेची हंडी आणि विजेची घंटा. "मामा, चांगला पंप कुठे मिळेल?"

"कशाला, सर?"

"घंटा मी कधी ऐकलीच नाही. म्हणजे ऐकू न येणारी."

भावोजींनी घंटेची हातोडी बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाले, "पंप मिळेल. पण रबराची वायसर नवी लागेल." आणि कोट शोधायला आत गेले. कोट समोरच खुंटीला होता.

सरांच्या घरामागे एक पत्र्याची शेड होती. दर बुधवारी दोघं तिथे बसायला लागले. सरांची अट एक होती, मामांनी हात टेबलावर ठेवायचे, दिसतील असे. भावोजींची अट अशी की सरांनी आधीच उत्तर सांगायचं नाही. एकोणीस वर्षांत शिकवलेला एकूणएक प्रयोग त्यांनी पुन्हा केला. टायट्रेशन कधी नऊ पूर्णांक सात यायचं, कधी दहा पूर्णांक चार. सर वहीत लिहायचे आणि पुढे 'का?' लिहून दोघं दुपारभर भांडायचे. घंटेचा आवाज नव्या पंपानेही पूर्ण गेला नाही, लटकवलेल्या तारेतून थोडा येतच राहिला. सरांनी तेही लिहिलं.

मी कधीकधी जेवणाचा डबा घेऊन जायची. दाराबाहेर उभी राहून ऐकायची. "तुम्ही हलवलंत." "मी हात टेबलावर ठेवलेत, सर." "मग गुडघा." "गुडघा आता हलत नाही हो, सर, डॉक्टरला विचारा." मी पन्नास वर्षं रंगमंचावर काढली, मोठमोठ्या जोड्या पाहिल्या. इतकी जमलेली जोडी क्वचित पाहिली. मला वाटतं, मंत्रालयातल्या त्या तीन वर्षांत सरांनी देशाला जी हवा द्यायची म्हटली होती, ती अखेर त्या शेडमध्ये दोघांना मिळाली.

शाळांतली मास्तरमंडळी ती वही मागून नेऊ लागली. कुठल्या गावात कोणता प्रयोग का फसतो, असं पत्राने विचारू लागली. भावोजी निवृत्तीनंतरही पोस्टकार्डं लिहीत होते. अक्षर तेच, टपोरं. माझ्याकडे एक आहे. कोणा शिक्षिकेला लिहिलेलं, पत्ता चुकल्यामुळे परत आलेलं: "आपला प्रयोग चुकलेला नाही. आपली खोली ओलसर आहे. उन्हं पडली की पुन्हा करावा."

असं सोळा वर्षं चाललं. मग भावोजींच्या छातीने कुरकुर सुरू केली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा सोमवार होता. खिडकीशेजारची खाट मिळाली. त्यांनी आधी खाटेचं चाक हलवून पाहिलं, मग बसले. ताई उशाशी, मी पायाशी. सरांना निरोप गेला होता, पण ते गावाला होते, गुरुवारी यायचे होते. नर्सने येऊन सुई लावली, भावोजींनी बाटलीतल्या थेंबांची गती घड्याळावर मोजली आणि तिला सांगितलं की मिनिटाला दोन जास्त पडताहेत. तिने खरंच मोजलं आणि चिमटा फिरवला. ताई म्हणाली, "इथेसुद्धा?" ते हसले.

मंगळवारी दुपारी त्यांना झोप येत होती. डोळे मिटलेले, हात पांघरुणाच्या वर. आम्हाला वाटलं लागली झोप. ताईने पडदा ओढायला घेतला, तेव्हा ते डोळे न उघडता स्पष्ट आवाजात तिला म्हणाले,

"सरांना म्हणावं, पुढच्या बुधवारी एकट्यानं मांडा. आणि फसलं तर तसंच राहू दे, आवरू नका. मी येऊन बघतो."